चौथ्या सीटवरचा विद्यार्थी : इंग्रजीच्या तासातील सहकाराविषयी

विरार लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौघी बसतात. चौथीला मिळते ती 'चौथी सीट' : बाकाचा वीतभर काठ, अर्धे अंग पॅसेजमध्ये, आणि तोल सांभाळायला समोरच्या बाईच्या गुडघ्यांचा अडसर. तिला कोणी उभी म्हणत नाही आणि ती बसलेलीही नसते. आठ वर्षे मी नालासोपाऱ्याहून अंधेरीला शिकवायला जात होते. नालासोपाऱ्याला गाडी येते ती विरारहूनच भरून, त्यामुळे त्या आठ वर्षांतल्या बहुतेक सकाळी मी चौथ्या सीटवर काढल्या. पुढे वसईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत लागले आणि प्रवास संपला. चौथी सीट मात्र पुन्हा भेटली ती माझ्याच वर्गात, आणि तीही मीच तयार केलेली.

प्रसंग साधा होता. नववीचा वर्ग, इंग्रजीचा तास आणि मागच्या बाकावर वही उघडून बसलेले पाठनिरीक्षक. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे मी एकाआड एक बाक मागे वळवले, चार-चार मुलांचे गट केले, प्रत्येक गटाला एका नदीचे नाव दिले, एकेक कार्डशीट आणि स्केचपेनांचा डबा दिला. विषय होता आपल्या गावातला पाण्याचा प्रश्न. वर्गात गलबला उठला, डोकी एकत्र आली, कागद भरू लागले, आणि शेवटी प्रत्येक गटातला एकेक जण पुढे येऊन इंग्रजीत चार वाक्ये बोलून गेला. निरीक्षकांनी शेऱ्यात 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग' असे लिहिले. मीही खूश होते. रात्री घरी कार्डशीटा तपासताना हिशेब मांडला तेव्हा कळले, की साठ मुले तासभर सहभागी होती, पण इंग्रजी वाक्य तोंडातून निघाले ते पंधराजणांच्या. ही पंधरा मुले तीच, जी एरवीही हात वर करतात. म्हणजे नुसता फळा-खडू वापरून मी जो तास घेतला असता, त्यात आणि यात फरक होता तो कार्डशीटांच्या खर्चाचा.

या लेखात मला सहकारी अध्ययनाची बाजू घ्यायची आहे. पण त्याआधी त्या नावाखाली आपण जे करतो त्याची झाडाझडती घ्यायला हवी, आणि ती घेताना आरोपीच्या पिंजऱ्यात सगळ्यांत आधी मीच उभी आहे.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात या पद्धतीचे पाच घटक शिकवतात. सकारात्मक परस्परावलंबन, वैयक्तिक उत्तरदायित्व, समोरासमोरची देवाणघेवाण, सामाजिक कौशल्ये आणि गटाने आपल्याच कामाचे केलेले परीक्षण. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी केलेली ही मांडणी. तिच्या मुळाशी मॉर्टन डॉइच या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये सहकार्य आणि स्पर्धा यांवर मांडलेला सिद्धान्त आहे : माझे ध्येय तुझे ध्येय गाठल्याशिवाय गाठले जाणार नाही अशी रचना असेल तर माणसे एकमेकांना हात देतात, आणि तुझ्या हरण्यातच माझे जिंकणे असेल तर पाय ओढतात. आपल्याकडे हे पाच घटक पाच गुणांच्या टिपेसाठी पाठ होतात. परीक्षा संपते, नोकरी लागते, आणि वर्गाच्या दारापर्यंत येता येता त्यांतले चार गळून पडतात. उरते ते 'समोरासमोर' एवढेच. म्हणजे बाक वळवणे.

गळून पडलेल्यांपैकी दुसरा घटक सर्वांत महागात पडतो. रॉबर्ट स्लॅव्हिन यांनी आयुष्यभर या पद्धतीवरच्या प्रयोगांची छाननी केली. त्यांचा निष्कर्ष रोखठोक आहे. गटाला मिळणारे श्रेय जिथे प्रत्येक सभासदाच्या शिकण्यावर अवलंबून असते, तिथे ही पद्धत चांगले फळ देते. जिथे चौघांनी मिळून एक तक्ता, एक उत्तर, एक कागद द्यायचा असतो, तिथे फारसे काही हाती लागत नाही. कारण उघड आहे. एकच कागद द्यायचा असेल तर ज्याला येते त्याने लिहून टाकणे हाच सर्वांत सोयीचा मार्ग. बाकीच्यांना प्रश्न विचारणे म्हणजे वेळ घालवणे. मुले आळशी नसतात. समोर ठेवलेल्या कामाचा हिशेब ती आपल्यापेक्षा लवकर करतात.

इथे 'सहकार' या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते, कारण इंग्रजी पुस्तकातल्या शब्दाचे भाषांतर म्हणून तो आपल्याकडे आला असला तरी महाराष्ट्राला तो नवा नाही आणि वसईला तर नाहीच. 'विना सहकार नाही उद्धार' हे वाक्य आपण पतपेढीच्या भिंतीवर लहानपणापासून वाचत आलो. इथली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ सालची. भाजी, फुले आणि केळी पिकवणाऱ्या या पट्ट्यात सहकाराचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही : प्रत्येकाचा भाग, प्रत्येकाची सही, आणि भाग कितीही असले तरी माणशी एकच मत. १९०४ च्या कायद्याने देशात ज्या पहिल्या ग्रामीण पतसंस्था उभ्या राहिल्या त्या तर अमर्याद जबाबदारीच्या होत्या. संस्था बुडाली तर तिच्या देण्याला प्रत्येक सभासद बांधील. म्हणूनच शेजाऱ्याने कर्ज कशासाठी काढले, बैल घेतला की बारसे केले, यावर गावाचा डोळा असे. जॉन्सन बंधू ज्याला सकारात्मक परस्परावलंबन म्हणतात ते हेच, फक्त कर्जाच्या जागी धडा.

या कसोटीला लावले तर माझा नववीचा वर्ग म्हणजे भागभांडवल नसलेली पतपेढी होता. तिथे चेअरमन होता, ठराव होता, अहवाल होता. सभासद तेवढे नव्हते.

गटप्रमुख ही आपली जुनी खोड आहे, आणि तिचा उगम जॉन्सन बंधूंपाशी नाही. तो आपल्याच देशात, मद्रासला आहे. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने १७८९ पासून एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत हुशार मुलांकरवी इतरांना शिकवण्याची पद्धत रुजवली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने तशीच पद्धत चालवली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मुंबई इलाख्यातल्या शाळांतही येऊन पोचली. वर्गातला 'मॉनिटर' हा शब्द तिची शिल्लक. थोड्या पैशांत जास्त मुले हाकण्याची ती युक्ती होती. तिच्यात वरून खाली सांगणे होते, बरोबरीने बोलणे नव्हते. आज आपण गट पाडतो आणि लगेच विचारतो, "लीडर कोण?" तेव्हा वरून जॉन्सनचे नाव घेत खालून बेलची शाळा चालवत असतो. (इथल्या किल्ल्याच्या गावात १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने तह करून तैनाती फौज पदरात घेतली होती. लढायचे काम दुसऱ्याने करायचे आणि राज्य आपले आहे असे समजायचे. गटातला हुशार मुलगा ही उरलेल्या तिघांची तैनाती फौजच असते.)

आता इंग्रजीच्या तासातल्या मौनाविषयी. गणिताच्या तासाला न बोलणारा मुलगा आणि इंग्रजीच्या तासाला न बोलणारा मुलगा हे दोघे वेगळ्या कारणांनी गप्प असतात. गणितात उत्तर चुकते. इंग्रजीत माणूस उघडा पडतो.

जून २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे आजचा नववीतला मुलगा आठ वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. त्याला धड्याखालची उत्तरे येतात, गाईडातले निबंध येतात, 'चेंज द व्हॉईस' येते. वाक्य बोलता येत नाही. आणि वसई-विरारमध्ये हा प्रश्न आणखी एका घडीने दुमडलेला आहे. पश्चिमेच्या नंदाखाल, निर्मळ, भुईगाव या गावांतून येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरात सामवेदी बोलतात, आगाशीकडच्या घरांत वाडवळी, किनाऱ्याला कोळी, पूर्वेच्या पाड्यांवर वारली. नालासोपाऱ्याच्या चाळींतली मुले भोजपुरी किंवा गुजराती घरी ठेवून येतात. म्हणजे पुस्तकातली प्रमाण मराठी हीच यांतल्या अनेकांची दुसरी भाषा. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे इथल्या सामवेदी बोलणाऱ्या समाजातलेच. त्यांच्या मराठीचा गौरव करताना त्या मराठीपर्यंत पोचायला एका बोलीचा उंबरठा ओलांडावा लागतो हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. माझ्या वर्गातल्या मुलाने तो एकदा ओलांडलेला असतो, आणि ओलांडताना कोणीतरी हसलेले असते. पहिलीत 'असं नाही, असं म्हण' हे त्याने ऐकलेले असते. आठवीत 'आय गोज' म्हटल्यावर पुन्हा हशा होतो तेव्हा तो नवा नसतो, जुन्या जखमेवरचा असतो. हसणारी मुलेही पुढच्या वाक्यात तीच चूक करणार असतात, ही गोष्ट वेगळी.

मग शिक्षक काय करतो? दया करतो. मुलगा अडखळतो, वर्ग हसतो, शिक्षक म्हणतो, "बस बाळा," आणि पुन्हा त्याला उठवत नाही. एलियट अ‍ॅरन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याच दयेचे वर्णन करून ठेवले आहे. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना प्रथमच एका वर्गात बसवले गेले आणि शाळांत मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा त्याला सल्ल्यासाठी बोलावले होते. त्याला दिसले की वर्ग हीच स्पर्धेची जागा आहे : प्रश्न एक, वर गेलेले हात सहा, आणि एकाचे उत्तर चुकले की पाचांना आनंद. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा कोणाकडेच नाही. या पद्धतीला त्याने 'जिगसॉ' म्हटले.

त्याच्या लेखनातला एक मुलगा मला विसरता येत नाही. अ‍ॅरन्सनने त्याला कार्लोस म्हटले आहे. इंग्रजी त्याची दुसरी भाषा, बोलले की मुले हसत, म्हणून तो गप्प राहायला शिकला होता, आणि त्याच्या शिक्षिकेनेही त्याला प्रश्न विचारणे सोडून दिले होते. दोघांमध्ये न बोलता झालेला करारच. जिगसॉमध्ये त्याच्या वाट्याला जोसेफ पुलित्झरच्या चरित्राचा एक तुकडा आला. तो अडखळला, गटातल्यांनी चिडवले. पण त्याच्याकडचा तुकडा इतर कोणाकडे नव्हता आणि पुढे परीक्षा होती. काही दिवसांत त्या मुलांच्या लक्षात आले की चिडवून माहिती निघत नाही, नीट विचारले की निघते. ती मुले मुलाखत घ्यायला शिकली. मुले सज्जन झाली असा दावा अ‍ॅरन्सन करत नाही. त्यांना त्याची गरज पडली, एवढेच तो सांगतो. मला हा भाग फार प्रामाणिक वाटतो. आपल्याकडची प्रशिक्षणे सुरुवातीलाच 'एकमेकांना मदत करा' असा उपदेश करतात आणि गरज निर्माण करायला विसरतात.

मीही विसरले होते. किती, ते मला कळले ते फार उशिरा.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर असे की कार्डशीटवर पेन्सिलने रेघ न मारता ओळ सरळ यावी. कोणत्याही गटात टाका, तिच्याकडे काम ठरलेले : शीर्षक लिहिणे, कडेला वेलबुट्टी काढणे, चित्र रंगवणे. ती मन लावून करायची. गटाचे काम चांगले झाले की तिच्याही नावापुढे गुण पडायचे. दहावीला अंतर्गत मूल्यमापनाच्या वीसपैकी सतरा मी तिला दिले. ते गुण कशाचे होते हे त्या वेळी मला कोणी विचारले असते, तर मी 'सहभागाचे' असे सांगितले असते आणि खरेही मानले असते. चार-पाच वर्षांनी वसई स्टेशनबाहेर ती भेटली. वालीवकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मुलाखत देऊन परत येत होती. "कशी झाली?" विचारले. म्हणाली, "लेखी बरोबर होतं बाई. मग त्यांनी 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ' म्हटलं." आणि गप्प झाली. मी म्हटले, "अगं, हे तर आपण वर्गात कितीदा केलं होतं." ती हसली. तक्रारीचा सूर नव्हता, आठवण काढावी तसे म्हणाली, "हो ना. आपल्या गटात माझ्याकडे चित्र असायचं."

त्या सतरा गुणांचा मला आजही हिशेब देता येत नाही. २०१९ च्या दहावीला मंडळाने भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून टाकले होते. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. त्या वर्षी शिक्षक खोलीत सगळे मुलांवर झालेल्या अन्यायाबद्दल बोलत होते. मीही बोलले. पण ते वीस गुण तोंडी होते आणि तोंड किती मुलांनी उघडले होते, हा प्रश्न त्या चर्चेत कोणी काढला नाही. मला तो सुचला होता. मी गप्प बसले.

तिच्या भेटीनंतर मी गटप्रमुख बंद केला आणि कार्डशीट बंद केली. नवे काय सुरू केले ते सांगते, पण यशोगाथा म्हणून नव्हे, कारण पहिले वर्ष वाईट गेले.

धड्याचे चार तुकडे केले, प्रत्येकाला एक. पहिली पाच मिनिटे कोणत्याही भाषेत बोलायची मुभा दिली. यावर सहकारी शिक्षकांचा आक्षेप आला की इंग्रजीच्या तासाला वाडवळी आणि भोजपुरी बोलू दिली तर इंग्रजी कधी शिकणार? माझा अनुभव उलटा आहे. ही पाच मिनिटे नसतील तर मूल दोन कामे एकाच वेळी करते : काय म्हणायचे ते शोधणे आणि कसे म्हणायचे ते शोधणे. दुसऱ्या कामात ते हरते आणि पहिलेही टाकून देते. घरच्या भाषेत म्हणणे पक्के झाले की मग एक इंग्रजी वाक्य एकट्याने कागदावर लिहायचे. मग ते गटात बोलायचे. सर्वांत शेवटी वर्गापुढे कोण बोलणार ते चिठ्ठी टाकून ठरवायचे, आणि जो बोलेल त्याचे गुण चौघांना.

ही शेवटची अट माझी चूक होती. अमर्याद जबाबदारीचा नियम मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना लावला. पहिल्याच महिन्यात एका मुलाची चिठ्ठी निघाली, तो बोलू शकला नाही, आणि मधल्या सुट्टीत गटातल्या तिघांनी "तुझ्यामुळे गेले आमचे" म्हणून त्याला रडवले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आपल्याकडच्या पतसंस्थांनाही अमर्याद जबाबदारी झेपली नाही आणि हळूहळू तिची जागा मर्यादित जबाबदारीने घेतली, हे मला सहकाराबद्दल इतके वाचूनही वेळेवर आठवले नाही. उपाय स्लॅव्हिनच्या एका पद्धतीत सापडला. तिथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या गुणांशी होते, आणि जितकी सुधारणा तितके गुण तो गटाच्या खात्यात भरतो. नेहमी नऊ मिळवणारा नऊ मिळवून फार काही भरत नाही. दोनाचे चार करणारा गटाला श्रीमंत करतो. चौथ्या सीटवरच्या मुलाकडे गट पहिल्यांदा लोभाने बघू लागला. लोभ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे.

कामेही फिरती केली. ही कल्पना पुस्तकातली नाही, लेडीज डब्यातली आहे. लांबच्या गाडीत रोजच्या बायकांचा एक अलिखित नियम असतो : बोरिवलीपर्यंत बसून आलेली उठते आणि उभी राहिलेलीला जागा देते. भांडणे होतात, पण नियम टिकतो, कारण आज उठणारीला उद्या बसायचे असते. वर्गात लिहिणारा, विचारणारा, शब्दकोश बघणारा आणि बोलणारा ही कामे दर आठवड्याला सरकतात. चित्र हे काम यादीतच नाही.

अडचणींपैकी काहींना उत्तर नाही. मुले एकमेकांच्या चुकाही शिकतात. एका गटात 'ही हॅव' पक्के झाले ते मला महिनाभर उपटता आले नाही. पोर्शन मागे पडतो. शेजारच्या वर्गातून निरोप येतो. हुशार मुलांचे पालक येऊन विचारतात की आमच्या मुलाने दुसऱ्यांना का शिकवायचे, आणि हा प्रश्न वाटतो तितका स्वार्थी नाही. समजावून सांगणाऱ्याचे स्वतःचेही पक्के होते असे मी उत्तर देते, ते बहुतेक वेळा खरे असते. सगळ्या वेळा नसते.

पण सर्वांत मोठी अडचण निराळी आहे. जिगसॉ हे गृहीत धरते की मूल उद्या वर्गात असेल. तालुक्याच्या पूर्वेकडची काही कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भातलावणीच्या दिवसांत काही बाक रिकामे असतात. चार तुकड्यांतला एक तुकडा भट्टीवर गेला तर उरलेल्या तिघांचा धडा पुरा होत नाही, आणि गेलेल्याचा तर होतच नाही. ऑस्टिनमधल्या प्रयोगाला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. आपल्याला तो पडायला हवा होता, कारण त्याचे उत्तर शोधणारी माणसे याच जिल्ह्यात होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरे राखायला जाणारे मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. पुढे वसई तालुक्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर 'भोंगा शाळा' चालवल्या त्याही याच वाटेवरच्या. मूल जिथे आहे तिथून पद्धत सुरू होते, पद्धत जिथे आहे तिथे मूल ओढून आणायचे नाही, इतकी साधी गोष्ट आम्ही प्रशिक्षणात अमेरिकन नावे पाठ करताना हरवून बसलो. मी माझ्यापुरता केलेला उपाय तोकडा आहे : प्रत्येक तुकडा दोघांकडे देते. गट आठांचा होतो, गोंगाट वाढतो, पण एक गेला तरी धडा उभा राहतो. गेलेल्याचे काय, याला माझ्याकडे उत्तर नाही.

मागच्या वर्षी मी सुकेळीवर एक उतारा स्वतः लिहिला. पाठ्यपुस्तकातले उतारे गाईडात सापडतात, म्हणून इथल्या गोष्टींवर लिहिते. सोप्या इंग्रजीत चार परिच्छेद : केळे कोणते, ते वाळवतात कसे, बांधतात कसे, विकतात कुठे. पहिल्या परिच्छेदात मी घाईत लिहून गेले, की कोणतेही पिकलेले केळे सोलून उन्हात वाळवले की सुकेळी होते.

तुकडे वाटले, पाच मिनिटे गेली. खिडकीजवळच्या गटात काहीतरी पेटले होते. आगाशीकडून येणारी एक मुलगी, जी जूनपासून माझ्याशी मान हलवूनच बोलत आली होती, ती हात नाचवत वाडवळीत काहीतरी ठासून सांगत होती आणि बाकीचे कागदाकडे बोट दाखवून "पण इथे लिहिलंय" म्हणत होते. मी मुद्दामच तिकडे गेले नाही. मग चौघे खाली वाकले. शब्दकोश मागितला गेला. कोणीतरी काहीतरी खोडले. 'ओन्ली' कुठे घालायचे यावरून बराच वेळ वाद चालला.

चिठ्ठी टाकायच्या आधीच ती उठली. कागद दोन्ही हातांत धरलेला. वर्गातले एक-दोघे हसायच्या बेतात होते, पण तिच्या गटातल्या मुलाने मागे वळून असे पाहिले की ते थांबले.

"बाई," ती म्हणाली, "युवर पॅरेग्राफ इज राँग." मग कागदाकडे बघून, एकेक शब्द सोडवत, "नॉट एनी बनाना. ओन्ली राजेळी. माय ग्रँडमदर मेक. यू आस्क हर."

'मेक'ला 'एस' हवा होता. मी खडू उचलला आणि फळ्यावरचा माझा परिच्छेद आधी दुरुस्त केला.